पत्र्यावरून आलेला राजा

उभं आयुष्य लोकांच्या टीव्हीतली भुतं काढण्यात गेलं. आता जळगावात मेहरूणला मुलाकडे निवांत बसलोय, तर त्यातलंच एक भूत अजून मानगुटीवर बसलेलं आहे. संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मला दुसरं काही आठवेना. तेव्हा तेच लिहितो. वाचून कुणाला उलगडा झाला तर त्यानं जरूर येऊन सांगावं, चहा माझ्याकडे.

पारोळ्याला मोटारस्टँडजवळ माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पारोळं पडलं धुळं आणि जळगावच्या मध्ये. टीव्हीचे मनोरे दोन्हीकडे आणि दोन्ही आम्हाला लांब. त्यामुळे गावातल्या काही अँटेना धुळ्याकडे तोंड करून आणि काही जळगावकडे. वाटण्या झालेले दोन भाऊ तर एकाच धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पाठीला पाठ लावून अँटेना उभ्या करत. खरं म्हणजे दोन्ही मनोऱ्यांवरून दिल्लीचं तेच दिसायचं, पण ते कोण कुणाला समजावणार?

अँटेना लावायची एक रीत होती. मिस्तरी छपरावर, घरातला एक जण टीव्हीसमोर आणि एक दारात. छपरावरचा पाइप फिरवणार, टीव्हीसमोरचा ओरडणार आणि दारातला ते ओरडणं वर पोचवणार. खेड्यात ‘ऊनं, ऊनं’ आलं की चित्र आलं, ‘गयं’ आलं की गेलं. ‘ऊनं’ ऐकलं की पाना आवळून मोकळं व्हायचं. वर बसलेल्याला खालचं काही दिसत नाही. त्यानं शब्दावर विश्वास ठेवायचा, एवढंच. माझा सगळा धंदा या एका शब्दावर चालला असं म्हटलं तरी चालेल.

आता भुताबद्दल. चित्रात पांढरे ठिपके वळवळायला लागले की आम्ही ‘मुंग्या आल्या’ म्हणायचो, आणि एका माणसाची दोन माणसं दिसायला लागली की ‘डबल आलं’ किंवा ‘भूत आलं’. त्याचं कारण साधं आहे. मनोऱ्यावरून निघालेलं चित्र सरळ अँटेनावर येतं. तेच चित्र एखाद्या डोंगरावर, टाकीवर, पत्र्यावर आदळून वळसा घालूनही येतं. वळसा घालून येणाऱ्याला किंचित उशीर होतो. टीव्हीचा पडदा डावीकडून उजवीकडे रेघा ओढत चित्र रंगवतो, म्हणून उशिरा आलेला माणूस जरा उजवीकडे उमटतो, फिका. अँटेना थोडी फिरवली की तो जातो. हे मी कितीतरी लोकांना समजावलं. सगळे मान हलवायचे आणि मग विचारायचे, “पण मिस्तरी, तो आला कुठून?”

रविवारी सकाळी त्या राजपूत राजाची मालिका लागायला लागली तेव्हाची गोष्ट. अजमेर-दिल्लीचा तो चौहान राजा, ज्याच्या शौर्याच्या गोष्टी भाट सांगत आले. मालिका सुरू झाल्यापासून माझा शनिवार माझा राहिला नाही. जो तो ‘उद्याच्या आत करा’ म्हणून उभा. पहूरहून एक गिऱ्हाईक एसटीच्या मागच्या सीटवर टीव्ही मांडीवर घेऊन आलं. तक्रार काय, तर राजा बोडका दिसतो. चित्र वरून कापलं जात होतं, त्यात राजाचा मुकुट जायचा. “राणी, सेनापती, कोणाचंबी डोकं उडालं तर चालेल,” तो म्हणाला, “पण राजा बोडका बरा दिसत नाही.” मी एक स्क्रू फिरवला, मुकुट आला, आणि तो माणूस टीव्हीला नमस्कार करून गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

तर अशा दिवसांत पारोळ्याजवळच्या एका गावातून देवरामभाऊ आला. गावाचं नाव लिहीत नाही, माझे पाहुणे आहेत तिथे. देवरामभाऊची पिठाची गिरणी होती आणि नवा टीव्ही मीच बसवून दिलेला होता. म्हणाला, “मना टीव्ही बिघडना.”

मी गेलो. टीव्ही लावला. चित्र आरशासारखं. मी म्हटलं, “यात काय बिघडलंय?”

“राजा एकलाच दिखस,” देवरामभाऊ म्हणाला. “सुपडसिंग आबाकडे राजाना जोडीदार दिखस. आमनाकडे दिखत नही.”

मला वाटलं, माझ्या कानात बिघाड झाला. धंद्यात नादुरुस्त टीव्ही दुरुस्त करायला सगळेच बोलावतात. चांगला टीव्ही दुरुस्त करायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. मी देवरामभाऊला म्हटलं, आधी तो जोडीदार मला दाखव.

गावाच्या दुसऱ्या टोकाला राजपूत गल्ली. तिच्या तोंडाशीच सुपडसिंग आबांचं घर. आबा म्हणजे उंच, वाळलेले, फेटा कायम डोक्यावर. घरात मुलगा भीमसिंग, तो सोसायटीत कारकून, आणि भीमसिंगची मुलगी मंगल, लग्नाची. रविवार होता आणि मालिका सुरू होती. अर्धी गल्ली ओसरीत बसलेली. पडद्यावर राजा सिंहासनावर, आणि त्याच्या उजव्या अंगाला, अर्ध्या पावलावर, एक फिकट माणूस. तसाच मुकुट, तशाच मिशा. राजानं हात उचलला की हा हात उचलायचा.

साधं भूत होतं. मी धाब्यावर चढून पाहिलं तर कारणही दिसलं. धुळ्याच्या बाजूला टेकडी आडवी, त्यामुळे सरळ येणारं चित्र आधीच दुबळं. दुसऱ्या बाजूला कापसाच्या जिनिंगची लांबच लांब पत्र्याची शेड. तिच्यावर आदळून उशिराचं चित्र येत होतं. देवरामभाऊच्या घराला टेकडीची आडकाठी नव्हती, म्हणून त्याचा राजा एकटा.

खाली उतरून मी आबांना हे सगळं नीट सांगितलं. पत्रा, आदळणं, उशीर, सगळं. आबांनी शांतपणे ऐकलं.

“पत्रावरथून येस ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणजे येस ते खरा.”

मी म्हटलं, “आबा, तो खोटा आहे. ती नुसती सावली आहे.”

“आनि तो सिंहासनवर बठेल शे, तो खरा राजा शे का? तो ते मुंबईना नट शे.” आबा माझ्याकडे असे बघत होते, जणू गोंधळ माझाच झालाय आणि त्यांना माझी दया येतेय. “नटले तू खरा म्हणस, नि आमना मानुसले खोटा?”

मग हळूहळू कळलं ते असं. आबांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट चालत आलेली होती. त्यांचा मूळपुरुष हा राजाचा जोडीदार. राजाच्या उजव्या अंगाला अर्ध्या पावलावर उभा राहायचा, राजा जेवला की जेवायचा, राजा उठला की उठायचा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. गावात लोक या गोष्टीला हसत. “आबाना जोडीदार” ही गावातली थट्टेची बोली होती. कुणी थाप मारली की म्हणायचे, हा आबाचा जोडीदार दिसतोय. आणि आता दिल्लीहून थेट टीव्हीवर, उजव्या अंगाला, अर्ध्या पावलावर तो उभा.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, “आबा, नीट बघा. घोड्यालाही जोडीदार आहे.”

“मंग जोडीदारले घोडा नको का?”

“राणीलाही आहे.”

“दासी राहसच.”

“आबा, खांबालाही आहे.”

“खांब कोन देखस?” आबा म्हणाले आणि विषय संपला. मंगलनं चहा आणला. जाताना देवरामभाऊ म्हणाला, ‘ते मला काही माहीत नाही, माझ्याकडेही जोडीदार आणून दे.’ मी त्याला नाही म्हटलं. तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

इथवर गंमत होती. पुढे ती गंमत राहिली नाही, कारण मंगलचं लग्न तीत सापडलं.

शिंदखेड्याकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, सरळमार्गी. मंगलनं त्याला एका लग्नात पाहिलेलं होतं आणि तिला तो आवडला होता, हे पुढे तिनंच मला सांगितलं. अडचण मुलाच्या आजोबांची होती. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना घराणं बघितल्याशिवाय पाणीही पीत नसत. आबांनी पहिल्याच बैठकीत छाती काढून सांगितलं, आमचा मूळपुरुष तर टीव्हीवर दिसतो. नाना म्हणाले, टीव्ही आमच्याकडेही आहे, आम्हाला कधी दिसला नाही. आबा म्हणाले, या मग रविवारी. नाना म्हणाले, येतो. दिसला तर पुढे बोलू, नाही दिसला तर समजलं की सोयरिकीत पहिलंच बोलणं खोटं झालं.

घोडामैदान जवळच होतं. शनिवारी आबांचा निरोप आला आणि रविवारी सकाळी मी पाना-पकड घेऊन हजर झालो. आबा दारातच उभे. म्हणाले, “मिस्तरी, आज ते जरा ठसठशीत दिखाले पाहिजे. कायम फिक्के दिखतस.” आबा जोडीदाराला नेहमी मानानं बोलायचे. ‘ते येतस’, ‘ते ऊनात’, म्हणजे ‘ते आले’, असं.

मी शिडीकडे गेलो तर भीमसिंगनं कोपऱ्यात ओढलं. हळूच म्हणाला, “भाऊ, ते काढूनच टाका. पाहुणे शिकलेले आहेत. त्यांना भूत म्हणजे काय ते कळतं. हसं होईल आमचं.”

शिडीवर चढत होतो तर खाली मंगल शिडी धरून उभी. म्हणाली, “काका, माले ते स्थळ पसंद शे. आबानं ऐका, नही ते बापनं ऐका, पण नीट करज्यात.”

आता नीट म्हणजे काय? जोडीदार ठेवणं नीट की काढणं नीट? ठेवला तर पाहुणे हसणार, काढला तर आबा खोटे पडणार. इकडे आड तिकडे विहीर. धाब्यावर ऊन चढायला लागलेलं. मी पाना लावून नट ढिला केला आणि पाइप हळूहळू फिरवायला लागलो. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. हाताला काम दिलं की डोकं चालतं असा माझा अनुभव, पण त्या दिवशी हात फिरत राहिला आणि डोकं जागेवरच.

खाली भीमसिंग टीव्हीसमोर, मंगल दारात. “गयं… गयं… मुंग्या शेतस…” असं येत होतं. मी आणखी फिरवला. आणि मग एकदम खालून चार-पाच जणांचा आवाज आला, “ऊनात, ऊनात.”

मी पाना आवळला. ‘ऊनं’ म्हणजे चित्र, आणि ‘ऊनात’ म्हणजे आबांचे ते. आबांनी मानानं म्हटलं म्हणून सगळ्या गल्लीनं मानानं म्हटलं, असं मी धरून चाललो. चला, निर्णय आपल्या हातात राहिला नाही, बरं झालं, असं म्हणत मी शिडी उतरलो.

खाली येऊन बघतो तर फाटकाशी जीप उभी. नाना काठी टेकत उतरत होते. गल्लीतले लोक ‘ऊनात, ऊनात’ करत पुढे धावले होते ते पाहुण्यांसाठी. टीव्हीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आणि मी वर पाइप आवळून ठेवला होता, तो कुठल्या कुठे तोंड करून.

परत चढायला वेळ नव्हता. नाना ओसरीत बसले, पाणी समोर ठेवलं, ते त्यांनी घेतलं नाही. मालिका सुरू झाली. लढाईचा भाग होता. मी दाराशी उभा. पडद्यावर राजा आला. ठळक, झकास. आणि जोडीदार होता, पण उजव्या अंगाला नाही, डाव्या. आयुष्यात मी हजारो भुतं पाहिली, सगळी उजवीकडची. डावीकडचं भूत मी त्या दिवसापर्यंत पाहिलेलं नव्हतं.

 भीमसिंगनं डोळे मिटले. नानांनी काठी आडवी ठेवली आणि म्हणाले, “आबा, तुम्ही ते उजवा आंगले सांगं व्हतं.”

आबा टीव्हीकडे बघत होते. मला वाटतं तेही क्षणभर गडबडले. फेट्याचा शेमला त्यांनी उगीच मागे टाकला. मग म्हणाले, “रोज उजवा आंगले राहस. आज लढाई शे.”

“मंग?”

“नाना, ढाल कोनता हातमा धरतस?”

नानांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. डाव्या. त्यांनी तो किंचित उचललासुद्धा. पडद्यावर राजा तलवार चालवत होता आणि त्याच्या डाव्या अंगाला तो फिकट माणूस सगळे वार अंगावर घेत होता. आता ही आपली, बघणाऱ्यांची डावी बाजू. समोरून येणाऱ्या राजाची ती उजवी. हे त्या ओसरीत कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण मी दुसऱ्याच विचारात पडलो होतो.

डावीकडे भूत आलं कसं? दारात उभ्या उभ्या मी मनातल्या मनात मांडणी केली. अँटेना फिरून जिनिंगच्या शेडकडे तोंड करून बसली होती. म्हणजे पत्र्यावरून येणारं उशिराचं चित्र ठळक झालं होतं आणि टेकडीआडून सरळ येणारं फिकं पडलं होतं. सरळ येणारा आधी पोचतो, म्हणून तो डावीकडे. याचा अर्थ, ठळक दिसतो तो राजा पत्र्यावरचा. आणि तो फिकट जोडीदार धुळ्याच्या मनोऱ्यावरून सरळ आलेला. माझ्याच विद्येप्रमाणे त्या दिवशी जोडीदार खरा होता आणि राजा भूत होता. मी आबांना इतक्या ठणकावून जे सांगितलं होतं, त्याच्या बरोबर उलट.

हे कुणाला सांगणार? मी वरण-बट्टी जेवलो आणि घरी गेलो. पण जेवणाआधी नानांनी पाणी घेतलं, एवढं मी पाहिलं. घेऊन ते म्हणाले, “डावा-उजवा ठीक शे. पन राजाले पकडं, त्या दिवस हाऊ कोठे व्हता? मरी गया म्हणशात, ते मंग तुम्ही कोठून ऊनात? पळी गया म्हणशात, ते तशा घरमा आमले सोयरीक नको. तो भाग येवू द्या. मी येसू. मंग सुपारी फोडू.”

सुपारी फोडणं म्हणजे आमच्याकडे लग्न पक्कं करणं. नानांनी चहूकडून कुंपण घातलं होतं. मेला म्हटलं तर वंश खोटा, पळाला म्हटलं तर कुळ हलकं. राजाची हार तर ठरलेलीच, ती कोणती मालिका बदलणार? भीमसिंग मला सोडायला फाट्यापर्यंत आला आणि सारखा विचारत होता, “भाऊ, यात तुमची विद्या काही करू शकते का?” मी म्हटलं, माझी विद्या फक्त चित्र साफ करू शकते. अँटेना परत धुळ्याकडे करून देतो म्हटलं तर आबांनी निरोप धाडला, हात लावायचा नाही, लढाई चालू आहे.

राजा पकडला जाणार त्या आठवड्यात वैशाखातलं वादळ आलं. पारोळ्याच्या बाजारात शेवग्याची झाडं पडली. रविवारी गावात पोचलो तर बाहेरच कळलं, जिनिंगच्या शेडचे पत्रे उडाले. नुसते लोखंडी सापळे उभे. मी आबांच्या घरी गेलो. नाना आधीच येऊन बसलेले. देवरामभाऊही होता, स्वतःचा चांगला टीव्ही सोडून मजा बघायला आलेला. माजघराच्या दारात मंगल सुपारीचं ताट घेऊन उभी. ताट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की मला ते बघवेना.

टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. त्यांच्या आडून फिकट, धुऊन विटलेल्या कापडासारखं चित्र. पण एकेरी. भूत नाही. राजाला शत्रूनं घेरलं, घोड्यावरून ओढलं, हातात बेड्या घातल्या. फिकट राजा, एकटा.

देवरामभाऊ म्हणाला, “आबा, जोडीदार कोठे गया?”

कुणी हसलं नाही. नानांनी मंगलकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. म्हातारा वाईट नव्हता. त्यालाही पोरगी आवडली होती असं मला तेव्हा वाटलं. पण बोललेला शब्द त्यानं कसा फिरवायचा?

आबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला होता. “मिस्तरी, तुनी विद्या काय सांगस? कोन गया?”

सगळी ओसरी माझ्याकडे बघायला लागली.  मग माझा मीच पुटपुटत हिशेब करायला लागलो. म्हटलं, “अँटेना अजून शेडकडेच आहे. पत्र्यावरून येत होता तो ठळक. टेकडीआडून सरळ येत होता तो फिका. पत्रे उडाले, म्हणजे पत्र्यावरचा गेला.” इथे माझी जीभ अडखळली, कारण पुढे काय येतं ते मला दिसायला लागलं. “ठळक गेला, आबा. फिका राहिला.”

“ठळक कोन व्हता?”

“राजा.”

“मंग हाऊ राह्यना तो कोन?”

 तुम्हीच सांगा, काय म्हणणार होतो? खोटं काहीच बोललो नव्हतो. देवरामभाऊनं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत टीव्हीकडे पाहिलं.

नाना पुढे सरकले. पडद्यावरच्या बेड्यांकडे काठी करून म्हणाले, “तो जोडीदार शे, ते मंग बेड्या कोनाले पडन्यात?”

आबा पडद्याकडे बघत होते. मुंग्यांमधून तो फिकट माणूस मान ताठ ठेवून चालत होता, साखळी ओढत. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं. ते त्यांनी पुसलं नाही.

“याले पडन्यात,” आबा म्हणाले. “राजान्या बेड्या यानी लिध्यात. ना मरना, ना पळना.”

“नि मंग?”

“मंग त्यासनी देखं, हाऊ राजा नही. जो राजा नही त्याले कोन ठेवस? सोडी दिधा.” आबांनी हात गल्लीच्या दिशेनं केला. “चालत चालत आठे ऊना. नही ते आम्ही कोठून ऊनात?”

खरा राजा मग कुठे गेला, असं कुणी विचारलं नाही. मला विचारायचं होतं. सगळ्या देशाला पाठ असलेला इतिहास त्या ओसरीत डोळ्यांदेखत उलटा झाला होता, आणि त्याला साक्षीदार मी, माझी अँटेना आणि माझी विद्या. पण नाना उठले. टीव्हीजवळ गेले, वाकून त्या फिकट माणसाकडे पाहिलं आणि मागे न वळता म्हणाले, “सुपारी आना.”

मंगलच्या लग्नात मला आहेराची टोपी मिळाली. तीही मिस्तरी म्हणून नाही, साक्षीदार म्हणून. आबा पुढे काही वर्षांनी गेले. जोडीदार खरा होता की नव्हता, मी त्यांना मदत केली की फसवलं, की त्यांनीच मला कशात तरी ओढलं, याचा निकाल मला लागलेला नाही. दुकान बंद करून मेहरूणला आलो तेव्हा पाना तेवढा बरोबर आणला.

मध्यंतरी धुळ्याला एका कामासाठी गेलो होतो तेव्हा तिथे राहायला आलेल्या मंगलकडे डोकावलो. तिचं दारातलं बोलणं अजून तसंच, “काका, कवळ ऊनात?” म्हणजे कधी आलात. घरात मोठा रंगीत टीव्ही, केबल. चित्र काचेसारखं. योगायोग असा, की तीच राजाची मालिका पुन्हा दाखवत होते. मुकुट झगझगीत, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. भुताला जागाच नाही. मंगल चहाचा कप हातात घेऊन उभी राहिली, बघत.

“काका,” ती म्हणाली, “चित्र साफ शे. पन राजा एकलाच शे. काही करता येस का?”

मी म्हटलं, केबलला भूत येत नाही, मंगल. अँटेना नाही, पत्रा नाही, कशावर आदळणार?

 ती कप ठेवायला टीव्हीच्या बाजूनं पुढे झाली तसं तिचं प्रतिबिंब त्या चकचकीत काचेत उमटलं. उजव्या अंगाला, अर्ध्या पावलावर, फिकट. राजा सिंहासनावर बसलेला होता. मंगलला ते दिसत नव्हतं, ती जिथे उभी होती तिथून दिसणारच नव्हतं. उभ्या जन्मात मी छपरावर बसून दुसऱ्यांचा शब्द ऐकत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा शब्द देणारा, टीव्हीसमोरचा, मी होतो.

“हालू नको,” मी तिला म्हटलं. “ऊनात.”